रविवारचा बर्गी

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "प्रत्यक्ष लढाई पाहिलीत का हो?" आणि दुसरा, थोडा आवाज उतरवून, "तुमच्या कँटीनमध्ये कुकर स्वस्त मिळतो म्हणे?" या दोन्ही प्रश्नांना मी आजवर यथाशक्ति उत्तरे देत आलो आहे. पण "तुम्ही रविवारी काय करीत होता?" असे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही. वास्तविक शिपायाच्या आयुष्यात लढाईचे दिवस बोटांवर मोजण्याइतके, आणि रविवार मात्र शेकड्यांनी! त्या रविवारांनी मला जे दिले ते कवायतीच्या मैदानाने दिले नाही. म्हणून न विचारताच आज त्यांच्याविषयी लिहितो आहे.

मी नागपूरचा, महाल भागात वाढलेला. हवाई दलात विमानदुरुस्तीचे काम शिकलो आणि १९६८ साली, एकविसाव्या वर्षी, माझी बदली बराकपूरला झाली. कलकत्त्याच्या उत्तरेला दहा-पंधरा मैलांवर, हुगळीच्या काठी हे गाव आहे. (कलकत्त्याचे २००१ साली कोलकाता झाले खरे, पण जे नाव तरुणपणी जिभेवर बसले ते आता उठायचे नाही.) बदलीचे नाव ऐकताच आमच्या आजीने डोक्याला हात लावला. बंगालात बायका मंत्र घालून परक्या पुरुषाचा मेंढा करून ठेवतात, अशी तिची पक्की समजूत होती! "कुणाच्या हातचे पान खाऊ नकोस," एवढे तिने बजावले आणि डोळे पुसत संत्र्यांची करंडी माझ्या ट्रंकेवर ठेवली. हावडा मेलमध्ये बसून मी निघालो.

बराकपूर ही इंग्रजांची हिंदुस्थानातली अगदी जुनी छावणी. १७७२ साली तिथे बराकी उभ्या राहिल्या आणि गावाचे नावच बराकपूर पडले. मंगल पांडे यांनी २९ मार्च १८५७ रोजी बंदूक उचलली ती याच छावणीत. नदीच्या काठाला गांधीघाट आहे. त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९४९ च्या जानेवारीत केले. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर आम्ही त्या घाटावर जाऊन बसत असू. समोर विस्तीर्ण पात्र, त्यातून संथ जाणाऱ्या होड्या, आणि पलीकडच्या तीरावर श्रीरामपूरचे दिवे. नागपुरात शुक्रवारी तलावालाच मोठे पाणी समजणारा मी. भरतीच्या वेळी नदी उलट्या दिशेने वाहताना पाहिली तेव्हा कितीतरी वेळ तोंडात बोट घालून उभा होतो.

पास मिळाला!

आठवडाभर विमानाच्या पोटाखाली तेलकट हातांनी काम करायचे आणि शनिवारी सूचनाफलकावर आपले नाव शोधायचे. ड्यूटीच्या यादीत नाव नसले की आउट-पास मिळे. मग बराकीत जी धांदल उडे ती लग्नघरातसुद्धा पाहायला मिळायची नाही. एकाच इस्त्रीसाठी सहाजण रांगेत. एकाचा टेरिलिनचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याची पँट तिसऱ्याच्या. गार्डरूमपाशी एक मोठा आरसा होता आणि त्या आरशापेक्षाही परखड असा एक सार्जंट होता. बुटाला चमक नाही, मानेवर केस आले आहेत, एवढ्या कारणावरून तो माणसाला फाटकातून परत पाठवी. एकदा त्याच्या नजरेतून सुटलो की पुढचे दहा तास आपले!

घरची मनिऑर्डर वजा जाता खिशात फारसे काही उरत नसे. पण कलकत्ता हे शहर गरिबाचा अपमान करीत नाही, हा त्याचा मोठा गुण. बराकपूरहून लोकलने निघावे. टिटागढच्या ज्यूट गिरण्यांची धुराडी, खडदह, सोदपूर, बेलघरिया, दमदम अशी स्टेशने मागे टाकीत सियालदाला उतरावे. नाही तर बी. टी. रोडच्या बसला लोंबकळत श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर यावे आणि तिथून ट्रामने पुढे जावे. ट्रामच्या पहिल्या वर्गात पंखे असत, दुसऱ्या वर्गात नसत. आम्ही अर्थातच वाऱ्यावर विश्वास टाकून दुसऱ्या वर्गात बसत असू. कलकत्त्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली १८७३ साली, विजेची आली १९०२ मध्ये. २०२४ साली तिथल्या सरकारने वारशादाखल एक मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ती बातमी वाचली त्या दिवशी माझा चहा कपातच निवला.

ट्राम कॉलेज स्ट्रीटवर आली की मी उतरून पडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या पुस्तकांची दुकाने, कुठे फळ्यांची, कुठे नुसती कठड्याला टेकवलेली. पुस्तक उभ्याने अर्धे वाचले तरी दुकानदार हूं की चूं करीत नसे. जवळच कॉफी हाउस होते. एक कॉफी मागवून तीन तास बसण्याचा हक्क तिथे प्रत्येकाला होता, आणि तो बजावताना माणसे फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून मोहन बागानच्या गोलकीपरपर्यंत सगळ्यांचा न्याय करीत. मराठी वाचायची भूक लागली की मी अलीपूरच्या नॅशनल लायब्ररीत जाई. एके काळी लाटसाहेबांचा वाडा असलेल्या त्या इमारतीत, घरापासून सातशे मैलांवर, मराठी पुस्तक हातात आले की आईच्या हातची भाकरी मिळाल्यासारखे वाटे.

बालिश आणि शिक्षा

पण शहर कितीही मोठे असले तरी तिथे जोपर्यंत एखादे घर आपले होत नाही तोपर्यंत आपण उपरेच. ते घर मला मिळवून दिले आमच्या बराकीतल्या एका बंगाली कॉर्पोरलने. त्याची मावशी बागबाजारात राहत असे. एका रविवारी तो मला तिकडे ओढून घेऊन गेला. जुने तीन मजली घर, हिरव्या झडपांच्या खिडक्या, दाराबाहेर ओटा. त्याला ते 'रक' म्हणतात. संध्याकाळी त्या ओट्यावर गल्लीतल्या कर्त्या पुरुषांचा अड्डा जमे. घरात मासीमा, त्यांचे यजमान मेसोमशाय, मेसोमशायांचे वडील, म्हणजे शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले दादू, कॉलेजात जाणारी धाकटी मुलगी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मोठी मुलगी.

मला बंगाली येत नव्हते आणि मासीमांना हिंदीचा तिटकारा होता. आमचे संभाषण संस्कृत शब्दांच्या काठीने चाचपडत चाले. पण या काठीला अधूनमधून भलतेच काही लागे. जेवण झाल्यावर मासीमांनी मला विचारले, "बालिश लागबे?" मी चमकलो. पहिल्याच भेटीत या बाईंनी मला बालिश ठरवावे? कॉर्पोरल पोट धरून हसत सुटला. बंगालीत बालिश म्हणजे उशी! तसेच 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. त्यामुळे मेसोमशाय मला फार चेष्टा करायला सांगत, आणि मी ती आज्ञा दोन्ही भाषांत पाळी. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. हा अर्थ मात्र आमच्या शाळेतल्या दिवसांशी इतका जुळणारा होता की मला तो मुळीच परका वाटला नाही. आणि राग हा शब्द दोघांकडे तोच. मासीमा रागावल्या की मला भाषांतर लागत नसे.

त्या रागावत त्या माशावरून. नागपूरच्या माणसाला इलिश मासा खायला देणे म्हणजे शिकाऊ माणसाच्या हाती वस्तरा देण्यासारखे! इतके बारीक काटे की घास तोंडात ठेवल्यावर गिळावा की विणावा असा प्रश्न पडे. मासीमा शेजारी बसून स्वतः काटे काढून देत. त्या घरात कोळंबीला मान अधिक, कारण घर मोहन बागानचे. १९११ साली मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड जिंकली, ती कथा दादू रामायणासारखी सांगत. तळमजल्यावर मात्र ढाक्याकडून आलेले भाडेकरू होते. ते ईस्ट बेंगॉलचे आणि इलिशचे भक्त. सामन्याच्या दिवशी दोन मजल्यांत बोलणे बंद असे. १९७० च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने इराणच्या पास क्लबला एका गोलाने हरवले, त्या संध्याकाळी मेसोमशाय जिना उतरून खाली गेले आणि काही न बोलता संदेशाचा पुडा देऊन आले. "परदेशी संघ होता म्हणून," असे त्यांनी वर आल्यावर आम्हाला बजावले.

पाळण्यातले मराठे

एका दुपारी जेवणानंतर मी कोचावर डुलक्या घेत होतो. आतल्या खोलीत मासीमा नातवाला झोपवीत होत्या. त्यांच्या गाण्यातला एक शब्द सारखा कानावर येऊ लागला: बर्गी. मी दादूंना अर्थ विचारला. ते चष्मा पुसत माझ्याकडे पाहून मिस्किलपणे हसले. म्हणाले, "अरे, बर्गी म्हणजे तू!"

बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. भास्करपंत कोल्हटकर त्यांचे सेनापती. नबाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना १७४४ साली बोलणी करायला म्हणून बोलावून दग्याने मारले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ मध्ये तह झाला आणि बंगालची चौथ सालाना बारा लाख रुपये ठरली. हा सारा इतिहास आम्ही शाळेत शिकलो होतो, आणि तो शिकताना आमच्या छात्या फुगल्या होत्या. भोसल्यांच्या वाड्याच्या परिसरातच मी लहानाचा मोठा झालो होतो.

त्या इतिहासाची दुसरी बाजू दादूंनी मला दाखवली. त्यांनी गंगाराम नावाच्या कवीच्या 'महाराष्ट्रपुराणा'विषयी सांगितले. हे बंगाली काव्य त्याच काळातले. स्वार येताच माणसे जे हाती लागेल ते घेऊन कशी गाव सोडून पळाली, त्याचे त्यात वर्णन आहे. पाळण्यातल्या गाण्यातही तीच धास्ती: बर्गी आले आहेत आणि सारा भरायला घरात धान्य नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ बंगालातल्या आया या नावाने मुलांना निजवीत आल्या आहेत. आपल्याकडे बागुलबुवा, त्यांच्याकडे आपण!

मग दादू मला बाहेर घेऊन गेले. घरापासून थोड्या अंतरावर एका गल्लीच्या पाटीवर नाव होते: मराठा डिच लेन. मराठे येतील या भीतीने १७४२ साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाला, पण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, तेव्हा काम तिथेच थांबले. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. म्हणजे ज्या रस्त्याने मी दर रविवारी मजेत फिरत होतो, तो माझ्याच पूर्वजांच्या भीतीने आखलेला होता!

मला काय बोलावे ते सुचेना. दादूच म्हणाले, "स्वारीची गोष्ट दोन ठिकाणी सांगितली जाते, बाबा. घोडा जिथून निघतो तिथे, आणि जिथे पोचतो तिथे. शहाण्याने दोन्ही ऐकाव्या." आणि लगेच त्यांनी दुसरे पारडेही भरले. याच बंगालात सखाराम गणेश देउस्कर या मराठी घराण्यातल्या माणसाने बंगालीत लेखन करून नाव मिळवले. १९०४ साली त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक निघाले. इंग्रज सरकारला ते इतके झोंबले की पुढे १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्याच १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. "ज्या भाषेत बर्गीचे अंगाईगीत आहे त्याच भाषेत शिवाजीची स्तुती आहे. आम्ही दोन्ही जपून ठेवले आहे," दादू म्हणाले.

घरी परतलो तेव्हा मासीमांना सगळे कळले होते. नागपूरहून आणलेल्या संत्र्यांची करंडी मी त्यांना दिली होती, तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी एक बर्गी आला, तोही घेऊन जायला नव्हे, द्यायला! आता चौथ मागू नकोस, मुकाट्याने भात जेव." त्या दिवसापासून त्या घरात माझे नाव बर्गी पडले. गल्लीत शिरताच पोरे ओरडत, "बर्गी आला!" आणि मासीमा चुलीवर भाताचे आधण ठेवीत.

नदीपलीकडचे व्याकरण

दादूंनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. एकदा ते बराकपूरला आले आणि मला होडीत बसवून पलीकडे श्रीरामपूरला घेऊन गेले. हे गाव १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. विल्यम केरी या मिशनऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इथे छापखाना काढला. हा केरी महाराष्ट्रात कधी आला नाही; पण कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवीत असे. वैजनाथ नावाच्या मराठी पंडिताच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण तयार केले. ते १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले, आणि १८१० मध्ये मराठीचा कोश. तोही मोडी लिपीत!

श्रीरामपूर कॉलेजच्या भल्यामोठ्या खांबांपाशी उभा राहून मी हिशेब केला. मराठ्यांचे घोडे बंगालात पोचल्यापासून साठ-पासष्ट वर्षांत मराठी भाषेचे व्याकरण बंगालातच छापले गेले. गांधीघाटावर बसून जे दिवे मी दोन वर्षे नुसते पाहत आलो होतो, त्यांच्याखाली माझ्या मायबोलीचे खिळे एके काळी जुळवले गेले होते.

चंदनाचे बोट

दिवाळीला रजा मिळणे कठीण. बंगालात त्या रात्री कालीपूजा असते. दिवे लागतात, फटाके उडतात, पण चकलीचा वास काही येत नाही. तिसऱ्या दिवशी भाऊबीज. घरी बहीण ताट घेऊन रिकाम्या पाटाकडे पाहत असेल, या विचाराने मी पहिल्या वर्षी बराकीत पडून होतो, तोच मासीमांचा निरोप आला. गेलो तर पाट मांडलेला! त्यांच्याकडे या दिवसाला भाईफोंटा म्हणतात. धाकट्या मुलीने डाव्या हाताची करंगळी चंदनात बुडवून माझ्या कपाळावर टेकवली आणि भावाच्या वाटेतून यमाला दूर ठेवण्याचा मंत्र पुटपुटली. यम आणि यमीची ती कथा आपल्याकडचीच. मी पाच रुपये ओवाळणी घातली. तिने माझ्याकडून आणखी एक बंगाली कादंबरी वसूल केली.

१९७१ साली मार्चनंतर शहराचा नूर पालटला. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. वर्ष संपेपर्यंत भारतात आलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत अकरा माणसे आणखी आली. आम्ही बराकीत वर्गणी काढून कपडे आणि दुधाच्या पावडरीचे डबे नेऊन दिले. एका दुपारी मासीमांच्या मांडीवर त्या भाडेकरूंच्या नात्यातले एक परके मूल होते आणि त्या तेच अंगाईगीत म्हणत होत्या. मला पाहून क्षणभर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू नव्हेस रे. या वेळचे बर्गी निराळे." मी जिन्यावरच बसून राहिलो. साध्या पाळण्याच्या गाण्यात दोन शतके मावतात, ते त्या दिवशी कळले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला दोन तासांचा पास मिळाला. सर्वांनाच काय येऊ घातले आहे त्याची कल्पना होती. धाकटीने करंगळी कपाळाला लावली ती लवकर उचलली नाही, आणि मंत्र तीनदा म्हटला. दादू शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर पास बंद झाले. ३ डिसेंबरला युद्ध पेटले, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती लिहून दिली. त्या दोन आठवड्यांत विमानाखाली झोपलो, विमानाखाली जेवलो. फेब्रुवारीत माझी बदली पश्चिमेकडे झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मासीमांनी डबा दिला आणि उशी दिली. "प्रवासात बालिश लागेल," म्हणाल्या. त्यावर आम्ही दोघे इतके हसलो की रडण्याची वेळ टळली.

दादू, मेसोमशाय, मासीमा आता नाहीत. त्या घराच्या जागी फ्लॅट्स झाले आहेत. धाकटी आता नातवंडांची आजी आहे. भाऊबीजेच्या सकाळी तिचा फोन येतो आणि ती करंगळी आपल्या घरच्या भिंतीला टेकवून तोच मंत्र म्हणते. भाऊ दूर असला की भिंतीला टेकवतात म्हणे!

हे सगळे आज सांगण्याचे कारण एवढेच. तुमच्या शहराजवळही छावणी असेल. पुण्याला आहे, देवळालीला आहे, आमच्या नागपूरजवळ कामठीला आहे. तिथे या दिवाळीत कुणी बंगाली, कुणी मणिपुरी, कुणी तमिळ पोर इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाबाहेर पडेल आणि कुठे जावे ते न कळून बाजारात दोन चकरा मारून परत जाईल. शक्य झाले तर एखाद्याला घरी बोलवा. भाषा येत नाही म्हणून अडू नका. चकलीला व्याकरण लागत नाही. लढाईच्या गोष्टी त्याला विचारू नका, कुकरही मागू नका. पाट मांडा, शेजारी बसा, आणि त्याच्या गावची एखादी गोष्ट त्याच्या तोंडून ऐका. कदाचित तुमच्याच पूर्वजांची एखादी गोष्ट, त्याच्या बाजूने, तुम्हाला पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.